ऑनलाइन अंताक्षरी बंद करा, त्यापेक्षा पाच मिनिटं लवकर या

शुक्रवारी दुपारी चारचं 'फन फ्रायडे' नावाचं इन्व्हाइट कॅलेंडरमध्ये पडलं की आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांचं नेट बरोबर पावणेचारला जातं. हा योगायोग नाहीये हे मॅनेजरला माहितीये, एचआरला पण माहितीये, तरी दर तिमाहीला कुणीतरी नवीन गेम शोधून आणतंच. कधी तंबोला, कधी दोन खऱ्या गोष्टी सांगा एक खोटी सांगा, आणि मध्ये तर चक्क अंताक्षरी. झूमवर अंताक्षरी ज्याने कुणी सुचवली त्याने ती आधी करून बघितली नसणार हे नक्की, कारण झूमवर दोन माणसं एका तालात टाळी वाजवू शकत नाहीत, गाणं तर लांबच राहिलं.

मी जळगावातून काम करते, महाबळकडे घर आहे, कंपनी पुण्याची, क्लायंट जर्मनीचा. टीममध्ये एक पोरगा शिंदखेड्याजवळच्या गावातून बसतो, एक ताई भुसावळहून, दोघं नागपूरचे, एक टेस्टर मुलगी कोईमतूरची आणि बाकीचे पुण्यात, त्यातले काही ऑफिसात जातात काही नाही जात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे आपापल्या गावी आले आणि आमच्यासारखे काही परत गेलेच नाहीत. मीटिंगा लावायचं काम माझ्याकडे असतं त्यामुळे हा विषय डोक्यात सारखा चालू राह्यतो, आणि माझं मत आता अगदी पक्कं झालंय की माणसांची ओळख वाढावी म्हणून वेगळी मीटिंग लावली की ओळख काही वाढत नाही, रोजच्या कामाच्या मीटिंगा धड केल्या की आपोआप वाढते. धड म्हणजे कशा ते जरा खोलात जाऊन लिहिते, कारण त्यातलं निम्मं तांत्रिक आहे आणि लोक ते सगळं माणसाच्या स्वभावावर ढकलून मोकळे होतात.

आधी आवाजाच्या उशिराचं घ्या. समोरासमोर बसून गप्पा मारताना एकाचं वाक्य संपलं की दुसरा साधारण २०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात, बोलायला लागतो. २००९ मध्ये जपानी, डॅनिश, इटालियन, कोरियन अशा १० भाषांवर यावर एक अभ्यास झाला होता, त्यात भाषा बदलली तरी हे अंतर थोडंसंच मागेपुढे झालं. म्हणजे समोरच्याचं संपायच्या आधीच आपलं उत्तर तोंडात तयार असतं. आता यात नेटवर्क घाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस अशी आहे की आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर बहुतेक लोकांना जाणवत नाही. पण मे महिन्यात भर दुपारी गावातली लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर राउटर, तो पण बसला की मोबाइलचा हॉटस्पॉट, अशा वेळी कुठले १५० घेऊन बसलात. आमचा शिंदखेड्याकडचा पोरगा बोलतो तेव्हा पुण्यात दुसऱ्याने बोलायला सुरुवात केलेली असते, मग दोघं थांबतात, मग 'तू बोल' 'नाही नाही तू बोल', मग दोघं परत एकदम सुरू, आणि तिसऱ्या वेळेला आमचा पोरगा म्हणतो नाही काही नाही, इट्स फाइन. संपलं. त्याला जे सांगायचं होतं ते राहिलंच.

आणि याचा नात्यावर परिणाम कसा होतो ते बघा. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक पेपर छापला, त्यांनी लोकांना एकमेकांशी लाइनवर बोलायला लावलं आणि मध्ये मुद्दाम उशीर घातला. लोकांनी दोष लाइनला द्यायला हवा होता ना, तर त्यांनी समोरच्या माणसालाच कमी लक्ष देणारा, कमी मनापासून बोलणारा ठरवलं. मी हे वाचलं तेव्हा पहिला आमचा हाच पोरगा आठवला, कारण पुण्यातल्या दोघातिघांचं त्याच्याबद्दल मत झालेलं होतं की काम चांगलं करतो पण जरा स्लो आहे, विचारलं की अडखळतो. अरे तो अडखळत नाहीये, त्याचा टॉवर अडखळतोय! कोडमध्ये तर तो या सगळ्यांच्या पुढे आहे. पण कामगिरीच्या रिव्ह्यूच्या वेळी 'कम्युनिकेशन' नावाच्या रकान्यात काय लिहिलं जातं, तर हेच.

यावर उपाय फार अवघड नाहीत. बोलायचा क्रम मी आधीच चॅटमध्ये टाकते, आणि ज्याचं नेट सगळ्यात वाईट त्याचा नंबर पहिला, म्हणजे कनेक्शन पडायच्या आत त्याचं सांगून होतं. नेट डळमळीत असलं तर त्याने व्हिडिओ सरळ बंद करायचा, कारण सगळ्यात जास्त डेटा चित्रच खातं, आवाजाला फारसा लागत नाही, आणि आवाज स्वच्छ आला तर चेहरा नाही दिसला तरी चालतं, उलटं मात्र चालत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण, ती म्हणजे प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं. मनात दोन-तीन आकडे मोजायचे. पुण्याच्या लोकांना हे फारच जड जातं (रागावू नका रे), शांतता झाली की त्यांना ती भरायचीच असते. पण दोन सेकंद थांबलं की कोईमतूरची मुलगी, जी एरवी 'नो कमेंट्स फ्रॉम माय साइड' म्हणून सुटते, ती बोलायला लागते आणि तिच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ असतं.

आमच्या पोराचं नेट गेलं की परत आल्यावर तो चॅटमध्ये पहिलं वाक्य अहिराणीत टाकतो, "नेट गयं वाटस". आता हे आख्ख्या टीमचं झालंय. कोईमतूरची मुलगीसुद्धा तिकडचं नेट गेलं की हेच टाइप करते, आणि मागे एका कॉलवर जर्मन क्लायंटची स्क्रीन गोठली तेव्हा आमच्या आतल्या ग्रुपवर एकाच वेळी चौघांनी हे टाकलं. असं काही फन फ्रायडेला घडवून आणता येत नाही हो, ते कामाच्या मध्येच घडतं.

दुसरा मोठा घोळ म्हणजे अर्धे लोक खोलीत आणि अर्धे स्क्रीनवर. पुण्याच्या ऑफिसात कॉन्फरन्स रूम आहे, टेबलाच्या मध्यभागी एक माइक, टोकाला एक टीव्ही. तिथे चार-पाच जण बसतात आणि आम्ही बाहेरगावचे त्या टीव्हीवर छोट्या चौकटींत. त्या माइकवर जवळच्याचं ऐकू येतं, लांबच्याचं गुणगुणल्यासारखं येतं, कुणीतरी काहीतरी बोलतं, खोली हसते, आणि आम्ही इकडे जळगाव-भुसावळ-नागपूरला उगाच ओठ ताणून बसतो की काहीतरी विनोद झाला असेल बुवा. वरून मीटिंग 'संपल्यावर' खरी मीटिंग सुरू होते, लॅपटॉप बंद करता करता तिथल्या तिथे दोन निर्णय होऊन जातात आणि आम्हाला ते आठवड्याने कळतात. मग चिडचिड, मग 'आम्हाला कुणी विचारत नाही', आणि हे एकदा मनात बसलं की कुठलाही तंबोला ते काढू शकत नाही.

यावर जो नियम आम्ही मांडून घेतला तो सोपा आहे: एक जण जरी ऑनलाइन असेल तर सगळेच ऑनलाइन. ऑफिसात असलात तरी आपापल्या डेस्कवर, आपापला हेडफोन लावून, आपापल्या चौकटीत. सुरुवातीला पुण्याहून कुरकुर झाली की आम्ही एकमेकांच्या शेजारी बसून एकमेकांना स्क्रीनवर बघायचं म्हणजे येडेपणाच की. असेल. पण त्या दिवसापासून हसू आलं तर सगळ्यांना एकदम येतं, आणि निर्णय लॅपटॉप बंद करताना होणं कमी झालं. बंद झालंय असं म्हणणार नाही. ऑफिसचा चहा आहे तोपर्यंत ते बंद होणार नाही, त्यामुळे चहाला जे ठरलं ते टीमच्या चॅट चॅनलवर दोन ओळीत टाकायचं असा पोटनियम आहे, आणि तो पाळला जातो तेव्हा जातो.

कॅमेऱ्यावरून तर घराघरात भांडणं होतील इतका हा विषय तापलेला आहे. कॅमेरा चालू ठेवलाच पाहिजे म्हणणारे मॅनेजर मी बघितलेत, त्यांचं म्हणणं चेहरा दिसला की नातं घट्ट होतं. थोडं खरं आहे. पण दिवसभर? स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलने माणूस का थकतो याची चार कारणं मांडली होती: खूप जवळून सतत एकमेकांच्या डोळ्यात बघणं, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं, जागेवरून हलता न येणं, आणि हावभाव कळून घ्यायला आणि कळवायला डोक्याला पडणारा जास्तीचा ताण. यातलं दुसरं तर मी शंभर टक्के मान्य करते. स्वतःचा चेहरा तासभर बघत बसायचं हे कुठल्या गुन्ह्याची शिक्षा आहे कळत नाही. झूममध्ये, मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये स्वतःचं चित्र आपल्यापुरतं लपवता येतं, बाकीच्यांना दिसत राह्यतं, हे कितीतरी लोकांना माहितीच नाहीये, आज करून बघा.

आणि आमच्याकडच्या घरांचा पण विचार करा की. जळगाव-भुसावळचा उन्हाळा म्हणजे पारा ४५ च्या खाली यायचं नाव घेत नाही, सगळं घर कूलर असलेल्या एकाच खोलीत, सासरे पंख्याखाली आडवे, पोरं जमिनीवर पत्ते खेळतायत, मागे दोरीवर कपडे. कूलरचा आवाज तर असा की सॉफ्टवेअरने कितीही दाबला तरी माझ्या आवाजाचे तुकडे करूनच दाबतो. त्यात ज्या बाईला घरात स्वतःचं टेबल नाही तिला 'कॅमेरा ऑन प्लीज' म्हणणं म्हणजे तिचं घर दाखवायला लावणं. आमच्यात ठरलंय की सुरुवातीची पाच मिनिटं ज्यांना जमेल त्यांनी चेहरे दाखवायचे, एकमेकांना बघायचं, मग ज्याला बंद करायचाय त्याने बिनधास्त बंद करावा, कारण विचारायचं नाही. नवीन माणूस टीममध्ये आला की पहिले काही आठवडे मात्र मी सगळ्यांना सांगते की जरा चालू ठेवा रे, त्याला कोण कोण आहे ते कळू दे.

ती सुरुवातीची पाच मिनिटं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहेत. मी मीटिंग वेळेच्या पाच-सात मिनिटं आधीच उघडून बसते. ज्याला यायचं तो येतो, नाही आला तरी काही नाही. संध्याकाळी ओट्यावर कुणीतरी बसलेलं असतं म्हणून जाणारा-येणारा टेकतो, तसं ते चालतं, टेकण्यासाठी कुणी बोलावणं पाठवत नाही. "कसं काय, बठ्ठं बरं शे ना?" (सगळं बरं आहे ना?) इथपासून सुरू होतं, मग केळीला भाव काय चाललाय, नागपूरला पाऊस पडला का, कुणाच्या पोराची दहावी, कोईमतूरच्या मुलीच्या आजीचं ऑपरेशन. यात अजेंडा नाही आणि तो कुणी आणू पण नये. एक काळजी मात्र घ्यावी लागते, आम्ही तिघं खान्देशी जमलो की जीभ आपोआप अहिराणीवर घसरते आणि कोईमतूरची मुलगी नुसती बघत बसते. ती आली की हिंदी-इंग्लिशची खिचडी सुरू, हे मी लीड म्हणून स्वतः सुरू करते, दुसऱ्याला टोकत नाही. गंमत म्हणजे आता तीच म्हणते की नाही बोला, मला ऐकायला आवडतं.

आता तुम्ही म्हणाल हा वेळ आणायचा कुठून, आधीच मीटिंगांनी जीव नकोसा झालाय. तर वेळ तिथेच आहे, रोजच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे कोण काय करतंय ते सांगायच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये. स्टँडअप पंधरा मिनिटांचं असायला हवं, पण खरं काय होतं, प्रत्येक जण काल काय केलं आज काय करणार ते मॅनेजरला वाचून दाखवतो, बाकीचे म्यूटवर मेल बघतात, आपला नंबर आला की 'सॉरी आय वॉज ऑन म्यूट'. शाळेतली हजेरी बरी, तिथे नुसतं 'हजर' म्हणून खाली बसता यायचं. हे सगळं लिहून होतं. आम्ही सकाळी दहाच्या आत चॅनलवर तीन-चार ओळी टाकतो, ज्याला वाचायचं तो वाचतो, आणि कॉलवर फक्त जिथे कुणी अडकलंय तेवढंच बोलतो. ॲमेझॉनमध्ये मीटिंगच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून लिहिलेला मजकूर वाचतात आणि मग चर्चा करतात, ही पद्धत आता बऱ्याच लोकांना माहितीये. ऑनलाइन दुकानांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या शॉपिफायने २०२३ च्या सुरुवातीला तीन किंवा जास्त माणसांच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरलेल्या मीटिंगा कॅलेंडरमधून सरसकट उडवूनच टाकल्या. आम्ही इतके शूर नाही. पण माहिती द्यायची असेल तर लिहा आणि एकमेकांशी बोलायचं असेल तर भेटा, एवढं जरी पाळलं तरी आठवड्यातला बराच वेळ मोकळा होतो, आणि तो मोकळा वेळ मग दोन-दोन माणसांच्या गप्पांना देता येतो.

दोन-दोन माणसांच्या गप्पा का, त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्याच अमेरिकेतल्या ६१,००० हून जास्त कर्मचाऱ्यांचा २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतला डेटा तपासला, म्हणजे कोण कुणाशी किती बोलतं एवढाच, काय बोलतं ते नाही. त्यात दिसलं की सगळे घरी बसल्यावर लोक आपल्या आपल्या गटात जास्त बंद झाले, गटागटांना जोडणारे धागे कमी झाले. हे आपल्याला अनुभवाने पटतंच ना, जवळच्यांशी दिवसातून दहा वेळा बोलणं होतं आणि बाजूच्या टीमचा माणूस फक्त बग फुटला की आठवतो. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी तर १९७७ मध्येच दाखवलं होतं की ऑफिसात दोन टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं, आणि ते अंतर फक्त काही मीटरचं होतं. आमचं तर शिंदखेडा ते कोईमतूर.

म्हणून आम्ही दर पंधरा दिवसांनी जोड्या लावतो. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, जो निघेल तो. सपोर्टचा माणूस डेव्हलपरबरोबर, टेस्टर डिझाइनवालीबरोबर. पंधरा-वीस मिनिटं, व्हिडिओची सक्ती नाही, फोनवर चालत चालत बोललात तर आणखी छान. काय बोललात याचा रिपोर्ट द्यायचा नाही, हे मी मॅनेजरशी भांडून घेतलंय. सुरुवातीला लोक विचारायचे की बोलायचं काय? मी एकच सांगते, समोरचा जे सांगेल त्यावरच पुढचा प्रश्न विचारा. तो म्हणाला रविवारी शेतावर गेलो होतो तर लगेच 'हो का, मी पण लोणावळ्याला गेलो होतो' असं नको, शेतात काय लावलंय ते विचारा. २०१७ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी यावर अभ्यास केलाय, असे पाठोपाठचे प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात असं त्यात निघालं. आपल्या घरातली जुनी माणसं हे न शिकताच करायची. आमच्या आत्या फोनवर कुणाच्या म्हशीपासून सुरू करून त्यांच्या जावयाच्या बदलीपर्यंत पोचायच्या आणि समोरचा फोन ठेवायला तयार नसायचा.

या जोड्यांमधूनच कळलं की भुसावळच्या ताई सकाळच्या कॉलला नेहमी कुजबुजल्यासारख्या का बोलतात. काही लोकांना वाटायचं त्यांना इंटरेस्ट नाही. त्यांचे मिस्टर रेल्वेत लोको पायलट, रात्रीची गाडी घेऊन गेले की पहाटे किंवा सकाळी घरी येतात आणि झोपतात, घर छोटं, मग ताई स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात बोलतात. भुसावळात राहणाऱ्याला हे सांगायची पण गरज नाही, तिथे अर्धं गाव ड्युटीच्या हिशोबाने झोपतं-उठतं. पण पुण्याला आणि नागपूरला कसं कळणार? नागपूरच्या डेव्हलपरला त्या गप्पांमध्ये कळलं आणि त्यानेच येऊन सांगितलं की कॉल अकरानंतर घेऊया का. ताईंनी स्वतः कधीच सांगितलं नसतं, 'माझ्यासाठी कशाला बदलताय' असा स्वभाव. आता त्या अकराच्या कॉलला अशा खणखणीत बोलतात की कधी कधी त्यांना म्यूट करावं लागतं.

वेळेवरून आठवलं. आपल्याकडे घड्याळ बारा महिने एकच, पण जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. म्हणजे उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे आणि हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे ऑक्टोबरनंतर त्यांची दुपारी तीनची मीटिंग आपल्या संध्याकाळी साडेसातला जाते, बरोबर कुकरच्या शिट्टीच्या वेळेला. अमेरिकेची घड्याळं आणखी वेगळ्याच रविवारी बदलतात, ज्यांचे क्लायंट दोन्हीकडे आहेत त्यांना तर माझा नमस्कार. यात एक साधी गोष्ट करता येते, त्रासाची वेळ आलटून पालटून घ्यायची. कायम आपणच रात्री बसायचं असं काही लिहून दिलेलं नाहीये. आम्ही क्लायंटला हे सरळ सांगितलं आणि ते लोक चक्क हो म्हणाले, त्यांना म्हणे आमच्याकडे तेव्हा किती वाजलेले असतात हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

तसंच सणांचं. कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत गणपती आहे, दिवाळी आहे, ख्रिसमस आहे. आमच्या खान्देशच्या देवीचा, कानबाईचा सण नाही. आता खान्देशातल्या माणसाला विचारा, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, रोटाला, म्हणजे कानबाईच्या प्रसादाला, अख्खी भाऊबंदकी गोळा होते, सुरतहून मुंबईहून पुण्याहून लोक येतात, एकमेकांचं तोंड न बघणारे चुलतभाऊ पण त्या दिवशी एका पंगतीत बसतात. त्या सोमवारी सकाळी दहाला आमच्या पोराकडून कोड रिव्ह्यूची अपेक्षा ठेवणं म्हणजे काहीच्या काही. आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, पण तेच, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले. म्हणून आम्ही टीमचं वेगळं कॅलेंडर केलं, त्यात ज्याचा त्याचा सण ज्याने त्याने टाकायचा, पोंगल, कानबाई, आखाजी, विदर्भातला मारबत-पोळा, सगळं. त्या आठवड्याच्या कॉलला ज्याचा सण तो दोन मिनिटं सांगतो. कानबाईच्या वेळी पोराने नारळाची कानबाई कशी सजवतात त्याचे फोटो दाखवले, तर कोईमतूरची मुलगी म्हणाली थांबा, आमच्या गावच्या देवीचं पण असंच काहीतरी असतं, आणि मग दोन मिनिटांची वीस झाली. मी थांबवलं नाही.

आता ऑनलाइनने सगळं होतं असं मी म्हणत नाहीये. नवीन कल्पना काढायला व्हिडिओ कॉल वाईटच. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये एक पेपर आला, पाच देशांतल्या इंजिनिअरांच्या जोड्यांवर, त्यात समोरासमोर बसलेल्या जोड्यांनी व्हिडिओवरच्या जोड्यांपेक्षा जास्त कल्पना काढल्या, कारण व्हिडिओवर नजर स्क्रीनला चिकटून राहते आणि नजरेबरोबर विचार पण अरुंद होतो. आलेल्या कल्पनांतली चांगली कुठली ते निवडण्यात मात्र व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. त्यामुळे आम्ही कल्पना आपापल्या वेळेत लिहून काढतो, आणि निवडायला कॉलवर येतो. आणि झूम कंपनीनेच २०२३ मध्ये आपल्या जवळपास राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात या म्हणून सांगितलं, यावर आमच्या ग्रुपवर जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

म्हणून वर्षातून एकदा तरी भेटायचंच, आणि तेही हॉटेलच्या हॉलमध्ये नको. मागच्या हिवाळ्यात सगळी टीम जळगावला बोलावली. थंडीत आमच्याकडे भरीत पार्टी ही काय चीज आहे ते पुणेकरांना माहिती नसतं. शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, पेटवायच्या, त्यावर हिरवी पांढुरकी मोठाली वांगी भाजायची (जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, केळीला पण त्याच वर्षी), मग सोलून लाकडी बडगीत ठेचायची, वर मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याच्या पुऱ्या नाहीतर भाकरी. वांगी सोलताना बोटं भाजतात आणि कुणाच्याच हातात मोबाइल राहत नाही. ज्या दोघांचं रिलीजच्या तारखेवरून चॅटवर आठवडाभर वाजत होतं ते तिथे एकाच बडगीवर आळीपाळीने ठेचत होते, तारखेचा विषय पण तिथेच कधीतरी निघाला आणि मिटला. जर्मन क्लायंटला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं तर तो विचारतो हे काय जाळताय, वांगं म्हटल्यावर त्याला वाटलं भाषांतरात काहीतरी चुकलं. आणि खरं सांगते, त्या भेटीनंतर ऑनलाइन कॉलवर कुणी अर्धं वाक्य बोललं तरी पुरतं, कारण तो माणूस कसा हसतो, चिडला तर कसा दिसतो ते माहिती असतं.

शेवटचा मुद्दा, जो सध्या माझ्या आणि मॅनेजरच्या मध्ये पेटलेला आहे. आजकाल मीटिंगमध्ये आपल्या आधी तो नोंदी घेणारा एआय बॉट येऊन बसतो. कामाचा आहे, मी नाही म्हणत नाही, कुणी काय करायचं ते बरोबर लिहून देतो, जरी आमची खान्देशी-मराठी-हिंदी-इंग्लिश ऐकून त्याचं डोकं फिरतं आणि 'पऱ्हाटी'चा 'पार्टी' करून टाकतो. पण तो हजर असला की सुरुवातीच्या पाच मिनिटांत कुणी बोलत नाही. आजीच्या ऑपरेशनबद्दल कोण बोलेल, ते मीटिंगच्या नोंदींमध्ये छापून मॅनेजरच्या मेलमध्ये जाणार असेल तर? म्हणून मी बॉटला आपोआप येण्याची परवानगी काढून टाकलीये, अजेंडाचा पहिला मुद्दा सुरू झाला की हाताने आत घेते आणि सगळ्यांना सांगते की आता रेकॉर्डिंग सुरू. मॅनेजरचं म्हणणं, प्रत्येक मीटिंगच्या नोंदी पहिल्या मिनिटापासून पाहिजेत, वरून तसा मेल आलाय. माझं म्हणणं, पहिल्या पाच मिनिटांत मीटिंग सुरूच झालेली नसते, इन्व्हाइटवरची वेळ बघा. या सोमवारी परत बोलणार आहोत, अकरानंतर.